दातानं ऐकणारे शब्बीरमामा

बोटीच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याचं काम मी ज्यांना दिलं, ते शब्बीरमामा ठार बहिरे होते. पौडच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कळायला अकरा दिवस लागले. त्याआधी हिंजवडीच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात मी बावीस वर्षं काढली होती, आणि दुसऱ्यांच्या कामात राहून गेलेल्या गोष्टी शोधून काढण्याबद्दल मला पगार मिळत असे.

मी मूळची परभणीची. नोकरी सोडली, मुळशीच्या पाण्याकाठी सहा खोल्या बांधल्या आणि शहरातल्या दमलेल्या लोकांना शांतता विकायला बसले. खोल्या पाण्याच्या पलीकडे. तिकडे गाडीरस्ता नाही. अलीकडच्या वाडीचा एक दगडी धक्का आहे, तिथून बोटीनं जावं लागतं. बोटीला आठ हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. ते आधी एका भाताच्या गिरणीवर होतं आणि आपण गिरणी सोडली आहे हे त्यानं कधीच मान्य केलं नव्हतं. एका पाहुण्यानं जाताना वहीत लिहिलं, ‘शांततेसाठी आलो आणि गिरणीत मुक्काम करून निघालो.’ मी खाली सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात इंजिनाची तांत्रिक माहिती होती.

पाहुण्यांचं मी मनावर घेतलं नसतं. सुनंदाताईंचं घ्यावं लागलं. त्या वाडीच्या सरपंच, आणि त्यांचं घर धक्क्याच्या बरोबर वर. एके दिवशी त्या धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि मी इंजिन बंद करेपर्यंत थांबल्या.

“मॅडम, माझी सून रातपाळी करती. तुमच्याच हिंजवडीला. सकाळी सातला येती आन् निजती. आन् नवाला तुमचं हे सुरू हुतंय.”

“आपण काहीतरी तोडगा काढू,” मी म्हणाले. हे वाक्य मी कंपनीत इतक्या वेळा म्हटलं होतं की ते आपोआप बाहेर आलं.

“तोडगा तुमी काढा. दसऱ्यापर्यंत पल्लवी झोपली पायजे. न्हाईतर बोट हितं लावायची न्हाई.”

दुसरा धक्का नव्हता. बोट नाही तर पाहुणे नाहीत, पाहुणे नाहीत तर मी सहा खोल्यांत आळीपाळीनं झोपायचं. म्हणून मी मिस्त्री शोधायला निघाले. पिरंगुटपासून ताम्हिणीपर्यंत ज्याला विचारावं तो एकच नाव सांगे, “शब्बीरमामाकडं जावा.” पुढे कुणी एक शब्द जास्त सांगत नसे.

फोन लावला की नेहमी त्यांची बायको, रशिदामामी, उचलायची. मी सगळं सांगायची, पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, मग मामी म्हणायच्या, “ते म्हणत्यात, इंजिनाची गोष्ट मला सांगा, तुमची नगं.” मला वाटलं, माणूस मोठा दिसतो, फोनवर येत नाही. आमच्या कंपनीचे संचालकही असेच होते. माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला.

मग मी पौडला त्यांच्या दुकानावर गेले. पत्र्याची शेड, दारात इंजिनांचे सांगाडे, आणि पाठमोरा एक किडकिडीत म्हातारा कानस घेऊन काहीतरी घासत बसलेला. मी नमस्कार केला आणि समस्या मांडली. आवाजाची पातळी, अपेक्षित पातळी, मुदत, धोके. वहीत मुद्दे काढून नेले होते. दहा मिनिटं बोलले. मामा घासत राहिले. एकाग्रता असावी तर अशी, असं मी मनात म्हणाले.

शेजारी शेवंताबाईंचं चहाचं दुकान. त्या गाळणं आपटत म्हणाल्या, “ताई, त्याला म्होरनं सांगा. मागनं सांगितल्यालं त्याचं नसतंय.”

“म्हणजे?”

“ऐकू येत न्हाई त्याला. वीस वर्सं झाली. तुमी मघापासनं मलाच सांगताय.”

मी पुढे जाऊन उभी राहिले. मामांनी वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नीट लक्ष दिलं, आणि मी पहिलं वाक्य संपवायच्या आत म्हणाले, “भाताच्या गिरणीवरचं इंजिन न्हवं? वळखतो मी त्याला.”

चाळीस वर्षं गिरण्यांवरची इंजिनं सांभाळता सांभाळता त्यांचे कान गेले होते. एकदम नव्हे, हप्त्याहप्त्यानं. पण तोवर त्यांनी दुसरी सोय करून ठेवली होती. लाकडी मुठीचा एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ उजवीकडच्या दाढेत धरायची. डोळे मिटायचे. मग मूठ काढून, तोंड पुसून, कुठला वॉल्व्ह आणि कुठलं बेअरिंग ते सांगायचं. मुठीवर दातांचे असे खड्डे पडले होते की ती दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसलीच नसती. कुणी बसवायचा प्रयत्नही केला नसता.

“कान लई सोशिक,” ते म्हणायचे. “कायबी ऐकून घेतो. दात न्हाई ऐकून घेत.”

मामा-मामींचं बोलणं बिनआवाजाचं होतं. मामी रस्त्याच्या पलीकडे भाजी घेत असल्या आणि मामा अलीकडे असले तरी दोघं नुसते ओठ हलवून बोलत. मध्ये एसटी आली की थांबत, गेली की पुढे चालू. भांडणंही अशीच. त्यांच्या घरात भांडण चालू आहे हे शेजाऱ्यांना भांडी आपटल्यावरच कळे, आणि ती मामी आपटत, स्वतःच्या समाधानासाठी.

आवाजाचं काम बहिऱ्याला द्यायचं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. विचार म्हणजे दुसऱ्या तीन मिस्त्र्यांना फोन. तिघांनीही शब्बीरमामांचं नाव सुचवलं. तेव्हा मी निर्णय घेतला, असं म्हणायला हरकत नाही.

कामाला सुरुवात होणार तेवढ्यात मामांची दाढ सुजली. उजवीकडचीच. गाडी माझ्याकडे असल्यामुळे मीच त्यांना पिरंगुटच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, नम्र होते. म्हणाले, दाढ काढावी लागेल.

“डावी काढा,” मामा म्हणाले.

“काका, दुखतेय उजवी.”

“दुखंना का. डावी रिकामीच हाय. हिच्यावर धंदा हाय माझा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी गंभीरपणे मान डोलावली, कारण त्या दाढेवर आता माझाही धंदा होता. तास दीड तास खटपट करून त्यांनी दाढ वाचवली आणि वर टोपी बसवायचं ठरलं. मामांनी विचारलं, “भरीव लोखंडाची मिळंल का? आवाज नीट येतोय.” डॉक्टर म्हणाले की अशी मागणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली.

टोपी बसल्यावर मामा बोट बघायला आले. मला वाटलं होतं ते इंजिनापाशी जातील. ते सरळ सुनंदाताईंच्या घरात गेले. संध्याकाळ झाली होती, पल्लवी कामावर गेली होती. तिच्या खोलीच्या खिडकीचा गज त्यांनी दाढेत धरलेल्या स्क्रू ड्रायव्हरनं तपासला, मग भिंत, मग बाहेर गोठ्याचा पत्रा, आणि मला पाण्यात येरझाऱ्या घालायला सांगितलं. मी बोट घेऊन बारा फेऱ्या मारल्या. दर फेरीला वरून हात हलायचा, अजून एक. सुनंदाताई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. नंतर त्यांनी मला विचारलं, “ह्यो माणूस माजं घर चावून बगतोय व्हय?”

मामा खाली आले. “ताई, निम्मा आवाज तुमच्या बोटीचा न्हाईच. गोठ्याचा पत्रा सैल हाय. बोट ठोका देती, पत्रा टाळ धरतोय.” त्यांनी पत्र्याचे हूक बदलले, खाली जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या, आणि मगच इंजिनाला हात लावला. आवाज मोजायचं एक अ‍ॅप मी फोनवर घेऊन ठेवलं होतं. ते मी त्यांना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा केला, आणि म्हणाले, “ह्याला दात कुटं हायत?”

सायलेन्सर त्यांनी आग विझवायच्या एका जुन्या लाल नळकांड्याचा केला. घोटावड्याच्या एका कारखान्यातून ते भंगारात आलं होतं. आत भोकांचा पाइप, भोवती काचेचा कापूस. तिथून धुराचा पाइप आधी हातभर वर नेला, वर वळवला आणि मागच्या बाजूनं खाली आणून त्याचं तोंड पाण्यात बुडवलं. धूर पाण्यात सुटला की ठोका पाण्यात मरतो. पाइपाच्या वरच्या वळणावर त्यांनी एक बारीक भोक पाडलं. मी कारण विचारणार होते, पण ते खाली वाकले होते. पाठमोऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही एवढं मी आता शिकले होते. पुढे जाऊन विचारायचं मात्र शिकले नव्हते.

बोट सुरू केली. काय सांगू. बावीस वर्षांत माझ्या हाताखाली असं काम झालं नव्हतं. गिरणी गेली होती. उरली होती घशातल्या घशात हसल्यासारखी बुडबुड. आणि एक बारीक ‘सूंऽऽ’. त्या वरच्या भोकातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. सुनंदाताईंचं म्हणणं सरळ होतं: पल्लवी झोपलेली असताना बोट न्यायची आणि आणायची. उठली तर नापास. परीक्षेसाठी बोट अलीकडेच ठेवून मी रात्री वाडीत राहणार होते. संध्याकाळी मी एकटीच धक्क्यावर बसले आणि ती ‘सूं’ माझ्या डोक्यात बसली. एवढं उत्तम काम, आणि त्यात ही शिट्टी. मग माझ्या डोक्यात तो विचार आला, ज्याची मला अजून लाज वाटते. मामांना ऐकू येत नाही. त्यांना ही शिट्टी कळलीच नसणार. बिचाऱ्यांचं राहून गेलं.

राहून गेलेल्या गोष्टी शोधणं माझं काम होतं. मी गाडीतून गळती बुजवायची लांबी आणली, दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळल्या आणि भोक बुजवलं. वाळल्यावर बोट एकदा सुरू करून बघितली. शिट्टी बंद. अ‍ॅपवरचा आकडाही उतरला. आकड्याचा फोटो काढून मी नवऱ्याला पाठवला. तो पुण्यात राहतो, शनिवारी येतो आणि एरवी अंगठा पाठवतो. अंगठा आला.

सकाळी धक्क्यावर अर्धी वाडी जमली होती. सुनंदाताई, त्यांचे दीर विठोबाअण्णा, शेजारपाजार. अण्णांच्या मिशा तालुक्यात प्रसिद्ध होत्या. वरचा ओठ तर सोडाच, खालचाही निम्मा त्यांच्या सावलीत होता. पल्लवी वर झोपली होती, त्यामुळे सगळे कुजबुजत होते. मामा-मामी सातच्या एसटीनं आले होते. मी ऐटीत हँडल घातलं आणि फिरवलं.

फिरलं नाही. पुन्हा जोर लावला. दगडात खुंटी ठोकल्यासारखं हँडल जागच्या जागी. मामा पुढे आले, त्यांनी माझ्या हातातून हँडल घेतलं, हलकेच एकदा दाबून बघितलं आणि इंजिनावर वाकून डिझेल फवारणारं नोझल खोलायला लागले. नोझल निघाल्यावर त्यांनी हँडल फिरवलं, आणि सिलिंडरमधून पिचकारीसारखं पाणी उडालं. इंजिनात पाणी भरलं होतं.

“झालं,” अण्णा म्हणाले, चांगलं मोठ्यानं. “बहिऱ्याला आवाजाचं काम दिल्यावर आनखी काय हुनार? म्हातारा गेला कामातनं. माजं मळणीचं इंजिन त्याच्याकडं द्यायचं हुतं, बरं झालं दिलं न्हाई.”

दोघंतिघं हसले. कुणीतरी म्हणालं, आपला पंपही मग दुसरीकडं दाखवावा. मामा वाकलेले होते, त्यांना यातलं काही कळलं नाही. रशिदामामी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

त्या क्षणी मला नक्की कळलं होतं की काय झालं आहे. तरी मी गप्प राहिले. किती वेळ, ते सांगत नाही. माझ्या डोक्यात वाक्यं तयार होत होती: ‘यात अनेक कारणं असू शकतात.’ ‘आपण आधी मूळ कारण शोधू.’ अशी वाक्यं मला झोपेतही येतात. समोर एका माणसाचं चाळीस वर्षांचं नाव पाण्याबरोबर बाहेर पडत होतं आणि मी अहवाल लिहीत होते.

शेवटी मी म्हणाले, “मामांचं काही चुकलेलं नाही. पाइपाला वर भोक होतं. ते मी बुजवलं. काल संध्याकाळी.”

“का?” सुनंदाताईंनी विचारलं.

“शिट्टी वाजत होती. मला वाटलं, त्यांना ऐकू आली नसेल.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला वाटलं, संपलं, कबुली झाली. आणि मग लक्षात आलं की ज्याच्यापाशी द्यायची तो माणूस पाठ करून बसला आहे आणि यातला एक शब्दही त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. मला बोटीत उतरावं लागलं, इंजिनाला वळसा घालून पुढे जाऊन उभं राहावं लागलं, आणि सगळं पुन्हा एकदा, सावकाश, ओठ नीट हलवत सांगावं लागलं. चूक कबूल करणं अवघड असतं म्हणतात. एकदा करणं त्यामानानं सोपं आहे.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “तुमच्या नखात लांबी हाय, ताई. मघाशी हँडल घेतलं तवाच दिसली.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी बोलताय का बघत व्हतो.”

मग त्यांनी मला भोकाचं कारण सांगितलं. इंजिन बंद झालं की तापलेला पाइप गार होतो आणि गार होताना आत ओढतो. वर भोक असेल तर हवा ओढतो. नसेल तर खालून पाणी ओढतो, थेट सिलिंडरपर्यंत. “आन् शिट्टी वाजती ते मला कळलं व्हतं. दात लावून बगितलंय मी. बारीक आवाज लांब जात न्हाई. पोरीपातुर पोचतच न्हाई तो.”

लांबी त्यांनी मला खरवडायला लावली. त्यांनी पाणी काढलं, ऑइल बदललं, सगळं पुसून कोरडं केलं. तास दोन तास गेले. वाडी हलली नाही. अण्णासुद्धा थांबले. अकराच्या सुमारास इंजिन लागलं आणि मी बोट पलीकडे नेऊन परत आणली.

मी सुकाणूवर होते, त्यामुळे जे बघितलं ते लांबून. काठावरचे सगळे वर खिडकीकडे बघत होते. एकटे मामा लोकांकडे बघत होते. एकाच्या तोंडाकडे, मग दुसऱ्याच्या. काम जमलं की नाही हे कळायला त्यांच्याकडे तेवढीच वाट होती. बोट धक्क्याला लागली. सुनंदाताई चपला काढून घरात गेल्या आणि परत दारात आल्या. त्यांनी दोन्ही तळवे जोडून गालाला लावले आणि मान तिरकी केली. झोपली आहे. मामांनी खाली बघितलं आणि हत्यारं गोळा करायला लागले. पल्लवी दुपारी उठली तेव्हा अंगणात बसलेली अर्धी वाडी बघून तिला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

बोट अजून त्याच धक्क्याला लागते. ‘सूंऽऽ’ चालू आहे. पाहुण्यांनी विचारलं तर मी सांगते की ती मुद्दाम ठेवली आहे, आणि सांगताना माझा पडलेला चेहरा बघून त्यांना ते पटतं.

त्या दिवाळीनंतर मामा-मामी दुकान बंद करून चांद्याला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला जाणार आहे, असं बऱ्याच दिवसांपासून म्हणते आहे. त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी, पौडला, शेवंताबाईंच्या बाकावर बसून चहा पिताना. विठोबाअण्णा आपलं मळणीचं इंजिन टेम्पोत घालून घेऊन आले होते. शेजारच्या तालुक्यातल्या दोन मिस्त्र्यांनी हात टेकल्यावर आले होते, असं शेवंताबाई म्हणाल्या. अण्णा मामांच्या समोर उभे राहून जोरजोरात बोलत होते. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, मान वाकडी करून बघत होते, जवळ जाऊन बघत होते. मग म्हणाले, “काय समजंना, अण्णा. मिशा लई आल्यात मधी. कापून या, मग सांगा.”

अण्णांचं धक्क्यावरचं बोलणं मामांपर्यंत पोचलं होतं की नाही, हे मला माहीत नाही. रशिदामामी आत शेडमध्ये फोनपाशी बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा अगदी कोरा होता.

अण्णांनी इंजिनाकडे बघितलं. कापणी आठ दिवसांवर आली होती. ते रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेले. मी दुसरा चहा सांगितला. पंधरा मिनिटांनी ते परत आले तेव्हा त्यांचा वरचा ओठ उघडा होता, बाकीच्या चेहऱ्यापेक्षा दोन छटा गोरा, आणि कुणी ओळखीचं बघत नाही ना म्हणून ते इकडेतिकडे बघत होते. मामांनी हात पुसले, त्यांच्यासाठी स्टूल ओढलं, स्वतः समोर उकिडवे बसले आणि त्या नव्या ओठाकडे लक्ष देऊन बघत म्हणाले, “हां. आता बोला. पयल्यापासनं.”